आखूड कमरेची जीप आणि मागचं घर

"एवढीशी हिची कंबर, आणि हिच्या मागं अख्खं घर बांधणार?"

मित्रांनो, हारिबबाबांचा तो आवाज अजून माझ्या पत्र्यात घुमतो. मी त्यांचीच जुनी जीप. पुढची-मागची चाकं जवळजवळ, म्हणून ओमानच्या घाटात मी शेळीसारखी वळते. तरुणपणी खजूर वाहिले, नवरी आणली, वाळूत रुतलेले ट्रक ओढून काढले. मग लांबलचक गाड्या आल्या आणि माझ्या टपावर कोंबड्या बसू लागल्या.

मला जागं केलं ते बाबांच्या लेकीनं, शम्सानं. ब्रेक बदलले, टायर घातले, मला झेपेल असं हलकंसं चाकांवरचं घर शोधून आणलं. बाबांना वाळवंटात त्यांच्या बहिणीच्या तळावर न्यायचं होतं.

"ही वाटेत अडली, तर तिथूनच भंगारात," बाबांनी बजावलं.

निघताना त्यांनी कॉफीची पेटी, पाण्याचे कॅन, खजुराचे डबे, सगळं घराच्या मागच्या दाराशी रचलं. उतरताक्षणी समोर येईल त्याच्या हाती कॉफी पडली पाहिजे, नाहीतर चारचौघांत नाक कापलं जायचं!

"बाबा, मागं जड झालं."

"तू मला पाहुणचार शिकवू नकोस, पोरी!"

शम्सानं किल्ली फिरवली.

उतारावर मागचं घर डुलू लागलं. डावीकडे, उजवीकडे, माझी आखूड कंबर पिळवटली.

"ब्रेक दाब! अगं, ब्रेक!"

शम्सानं दाबला नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हलकेच उचलला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि हाताजवळ बसवलेल्या खटक्यानं फक्त मागच्या घराचा ब्रेक लावला. डुलणं विरत गेलं. मी रस्ता सोडला नाही, मित्रांनो! हे सांगताना आजही माझं बॉनेट चमकतं.

कडेला थांबून शम्सानं जड सामान घरातच तळाशी, त्याच्या चाकांच्या जरा पुढं रचलं. घराचं नाक माझ्या आकड्यावर नीट टेकलं. बाबाही कॅन उचलू लागले.

"आणि कॉफी?"

"तुमच्या मांडीवर, बाबा. दार उघडायच्या आधीच हजर!"

म्हणून सांगते, आम्हा जुन्यांना कोपऱ्यात टाकू नका. काम द्या, पण आमची कंबर ओळखून ओझं बांधा.

तळावर आत्याबाई हसल्या, "दादा, या डबीनं घर आणलं?"

बाबांनी कॉफी ओतली. पहिला पेला बहिणीला सोडून शम्साच्या हातात दिला.

"हे काय उलटंच?" आत्याबाई म्हणाल्या.

बाबांनी माझ्या पत्र्यावर हात ठेवला. "हिला भंगारात द्यायचं नाही. आणि शम्सा, तू पहिल्यांदा हिचं स्टिअरिंग धरलंस ना, तेव्हाच मला कळलं होतं. माझ्यापेक्षा तुझा हात चांगला."