क्लबची लेक

पंचेचाळिशी गाठली तरी घरात तिला सगळे बेबीच म्हणत. दवाखान्यात ती दातांची डॉक्टर होती, बायकांच्या हौशी गोल्फमध्ये तीनदा राज्याची विजेती होती; पण आईच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की बेबी. आणि तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, खेळात तिच्याहून बराच कच्चा, तो भाऊ मात्र दादा.

दोघांनाही खेळ वडिलांनी शिकवला. लहानपणी तिचा चेंडू दादाच्या चेंडूपुढे जाऊन पडला की वडील हळूच म्हणत, "बेबी, जरा बेतानं मार. त्याला वाईट वाटतं." तिला कधी वाईट वाटत असेल, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. वडील गेले आणि त्यांचं सभासदत्व गोल्फ क्लबने दादाच्या नावावर केलं. बेबीने अर्ज केला, तर उत्तर आलं की कुटुंबात एकच सभासद. ती दादाची पाहुणी म्हणून खेळू लागली. सकाळी मैदानावर आणि दहाच्या ठोक्याला रोग्यांच्या दाढांवर.

एका वर्षी क्लबने मुख्य स्पर्धा बायकांनाही खुली केली. बातमीत छापून यायला बरं म्हणून. बेबी एकेकाला गारद करत थेट अंतिम सामन्यात पोचली. समोर दादा. शेवटच्या होलपर्यंत बरोबरी होती. दादाचा चेंडू वाळूत अडकला. बेबीने लांबून अलगद ढकललेला चेंडू घरंगळत खड्ड्यात पडला. टाळ्या वाजल्या, पण वाजवणाऱ्यांच्या चेहऱ्यावर दुखवट्याला आल्यासारखा भाव होता.

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक झाली. पाहुण्याला विजेतेपद देता येत नाही, असा नियम कुणाला तरी रातोरात आठवला. कप उपविजेत्याला गेला. समितीत दादाही होता.

बेबी दवाखान्यातून तशीच, अंगावरचा पांढरा कोट न काढता, आईकडे गेली. कप टीव्हीशेजारी ठेवलेला होता आणि दादा समोरच बसला होता.

"तू काहीच बोलला नाहीस?" तिने दादाला विचारलं.

"नियम मी केले नाहीत, बेबी."

"पण कप तू घेतलास ना? हात तुझेच होते ना?"

आई मध्ये पडली. "अगं, घरातच आहे ना कप! कुणी परक्याने नेलाय का?"

बेबीची कानशिलं तापली. दादाने हिसकावलं ते एक वेळ समजत होतं, पण आईचं हे सारवासारव करणं तिच्या जिव्हारी लागलं. "हो, घरातच आहे," ती म्हणाली. "फक्त मी घरातली नाही." आणि चहा न घेताच निघाली.

त्यानंतर ती गावाबाहेरच्या सरकारी मैदानावर खेळू लागली. एका बाजूला खताचा कारखाना, खड्ड्याभोवतीच्या ग्रीनवर टक्कल पडलेलं गवत, वाऱ्याबरोबर नाकात जाणारा उग्र वास. तिथे रागाने मारायला गेली की चेंडू भलतीकडे जाई. म्हणून ती राग चेंडूपर्यंत पोचू द्यायची नाही. दातांखाली धरून ठेवायची. तिच्या स्वतःच्या दाढा झिजल्या, पण खेळ धारदार झाला. पुढच्याच वर्षी ती देशाची हौशी विजेती झाली.

मग क्लबला प्रेमाचा उमाळा आला. सत्कार, हार, फुलं. दादा माईकवर म्हणाला, "बेबी आपल्या क्लबची लेक आहे!"

बेबीने हार काढून खुर्चीवर ठेवला आणि माईक हातात घेतला. "मी या क्लबची कुणीही नाही. हे तुम्हीच ठरवलंय. माझ्या हक्काचं काढून घेताना लेक आठवली नाही, आता फोटोपुरती आठवली? मला हा सत्कार नको." माईक ठेवून ती सरळ बाहेर निघाली.

दादा तिच्या मागे गाडीपर्यंत धावत आला. "चारचौघांत माझी लाज काढलीस!"

"माझी काढली तेव्हाही चारचौघंच होते."

मग तो पडेल आवाजात म्हणाला, "पुन्हा एकदा खेळू या का? दोघंच?"

"ये रविवारी. कारखान्याशेजारी."

रविवारी ती मैदानावर वाट बघत थांबली. दादा आला नाही, आईचा फोन आला, "बेबी, त्याला बरं नाही गं. मनाला लावून घेतलंय त्याने."

"लावून घेऊ दे," ती म्हणाली. मग तिथल्या दोन अनोळखी बायकांना विचारलं, "तुमच्यात मला घेता का?" त्यांनी हसून जागा केली. पहिला फटका सरळ गेला. राग होता तिथेच होता, दातांखाली.