मूठभर भुगा

सही केली तर तिला काय मिळणार, हे उघड होतं: जिन्याखालच्या टेबलाऐवजी खिडकीची स्वतंत्र खोली, दारावर पाटी आणि कारखान्याचे मालक असलेल्या काकांच्या तोंडून सात वर्षांतलं पहिलं 'शाब्बास'. सही केवढी, तर अर्ध्या ओळीची. बाहेरदेशी जाणाऱ्या बाथरूमच्या चारशे नळांत शिसं मर्यादेच्या आत आहे, एवढंच लिहून द्यायचं. नमुन्याचे नळ तपासणीत पासही झाले होते.

कारखान्यात तिला सगळे कागदवाली म्हणत. पण त्या दिवशी तिला खटकलं ते कागदावर नव्हतंच. लेथवाला शीळ घालत होता. कमी शिशाचं पितळ आल्यापासून हा माणूस कडक मालाच्या आणि बोथट हत्यारांच्या नावाने खडे फोडत होता. तिने लेथखालच्या ट्रेमध्ये हात घातला. या पितळाची लांब वेटोळी निघायला हवी होती; भुगा पडतो तो शिसं जास्त असलं की. बोटांना लागला तो रव्यासारखा भुगा.

ती थेट भट्टीवर गेली. भट्टी मामांची, म्हणजे काकांच्या मेहुण्याची. मामांनी काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं.

"मूठभर जुन्या नळांचा भुगा टाकतो गं. तीस वर्षं टाकतोय. पितळ मऊ येतं, लेथवाल्याचे शिव्याशाप वाचतात."

आणि नमुन्याच्या वेळी? तेव्हा नव्हता टाकला. डबा रिकामा होता.

काकांनी तिची समजूत घालून पाहिली. मूठभराने काय होतं, आपण याच नळांच्या पाण्यावर वाढलो, शिवाय जहाज काही कुणासाठी थांबत नाही. शेवटी त्यांनी ठेवणीतलं काढलं: "तुझ्या बापाने कधी उलट उत्तर दिलं नाही मला."

"बाबांना कुणी सही मागितली नव्हती," ती म्हणाली. "पोरं दात घासताना चूळ भरतात, काका. अर्धी गिळतात."

ढिगातला एक नळ तिने स्वतः नेऊन तपासायला दिला. शिसं मर्यादेच्या तिपटीवर निघालं. काकांनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला, आणि भंगारवाल्याला बोलवा म्हणाले.

चारशेच्या चारशे नळ गेले. पितळ वितळवायची मूसही बदलावी लागली, जुनीत शिसं मुरलेलं. मामा दोन दिवस तिच्या टेबलाकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी भुग्याचा डबा तिच्या टेबलावर आणून आदळला.

"ठेव तुझ्याजवळ. दिसला की हात शिवशिवतो माझा."

नवे नळ महिनाभर उशिरा निघाले, तेव्हा तिने सही केली. काकांचा नफा गेला, मामांची सवय गेली, लेथवाल्याची शीळ गेली. खोलीचे पैसे नव्या मुशीत गेले. कागदवाली अजून जिन्याखालीच बसते, डबा पायाशी ठेवून.