पोटात गेलेला नंबर

धर्माजीचा ठिपक्या म्हणजे डांगी जातीचा वळू. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, दगडासारखे टणक खूर, अन् कातडी अशी तेलकट की डोंगरातला चार महिन्यांचा पाऊस वरच्यावर निथळून जायचा. पण धर्माजीच्या कारभारणीनं, बाळाबाईनं, निक्षून सांगितलं होतं, "यंदा जनावरांच्या परदर्शनात पैला नंबर आला तर ठीक. न्हाई तर हा इकायचा आन् जर्सी गाय आणायची. लई ऐतखाऊ झालाय मेला!"

ठिपक्याला विकायचं? धर्माजीला ते सोसणारं नव्हतं. मग प्रदर्शनाच्या सकाळी त्यानं डोकं चालवलं. सुनेच्या, निर्मलाच्या, शांपूची अख्खी बाटली ओतून वळूला असा घासला की त्याला गुलाबाचा वास यायला लागला. आता बोला!

टेम्पोतून दोघं नवराबायको ठिपक्याला घेऊन निमगाव सावाच्या मैदानात आली. परीक्षक सुभाष डॉक्टरांनी त्याच्या पाठीवरून तळहात फिरवला, बघितला, मग हुंगला.

"पावणं, डांगीच्या अंगाचं तेल हाताला लागलं पाहिजे. कुठं गेलं?"

"धुतलं, सायेब," धर्माजी पुटपुटला.

सगळं मैदान खो खो हसलं. त्या गलक्यानं ठिपक्या बिथरला. डोंगरात गोंधळ झाला की उंच टेकाड गाठायचं, ही त्याची वासरू असल्यापासूनची खोड. सपाट मैदानात टेकाड कुठलं आणायचं? स्टेज होतं. कासरा हिसकून पठ्ठ्या चार पायऱ्या चढला. खुर्च्यांवरच्या पाहुण्यांनी पलीकडून उड्या टाकल्या. अन् ठिपक्यानं पहिल्या नंबरासाठी टेबलावर ठेवलेला झेंडूचा हार निवांत चघळून खाल्ला. चौघांनी ओढला, ढकलला; हलायचं नाव नाही.

शेवटी बाळाबाई पदर खोचून पुढं झाली. "ठिपक्या, चल घरी." वळू मुकाट उतरला अन् तिच्या खांद्याला तोंड घासत उभा राहिला.

पहिला नंबर शेजारच्या वाडीतल्या बाळासाहेबांच्या वळूला गेला. धर्माजीच्या डोळ्यांत पाणी आलं. कासरा बाळाबाईच्या हाती देत तो म्हणाला, "घे, इक आता. माझीच अक्कल धुतली म्या."

बाळाबाईनं विचारलं, "पैल्या नंबराचा हार कुठाय?"

"ह्याच्या पोटात."

"मंग नंबर कुणाचा आला?"

धर्माजीनं डोळे पुसले अन् ठिपक्याच्या पाठीवर थाप मारली.

"चला, चढवा त्याला टेम्पोत," बाळाबाई म्हणाली. "आन् परत शांपूला हात लावलात, तर तुमालाच इकीन!"