उजवीकडचा स्पीकर

"हलू नकोस," हे म्हणाले. "नाक टीव्हीच्या बरोबर मध्यावर ठेव."

लेकीच्या नव्या सोफ्यावर मी नाक मध्यावर ठेवून बसले. आमच्या संसारातलं हे माझं जुनं खातं. ओळखीत कुणाकडे नवे स्पीकर आले की यांना बोलावणं यायचं आणि यांच्यासोबत माझं नाक जायचं. रिकाम्या खोलीत आवाज खोटा लागतो, रोजच्या बसायच्या जागी माणूस बसलेलं असलं की खरा लागतो, असं यांचं शास्त्र. म्हणून मला बसवायचं आणि स्वतः मागे उभं राहून, माझ्या डोक्यावर वाकून ऐकायचं. इतर बायका नवऱ्याच्या मागून चालल्या असतील. मी नवऱ्यासाठी वजन म्हणून बसले.

जावयांनी खोक्यातून एक छोटा माइक काढून ठेवला होता. तो सोफ्यावर ठेवला की अँप्लिफायर आपला आपणच सगळे आवाज जुळवून घेतो, असं त्यांनी वाचलं होतं. "ठेवा तो आत," हे म्हणाले. "त्याला ऐकू येतं, पण कळत नाही." जावई गरीब स्वभावाचे. ठेवला त्यांनी आत.

मग 'शूऽऽ' सुरू झालं. दूरवर नळ सोडल्यासारखा तो आवाज एकेका स्पीकरमधून पाळीपाळीने सोडता येतो. डावा, मधला, उजवा, मग पाठीमागचे दोघे. बसल्या जागी सगळ्यांची शूऽऽ सारखी ऐकू आली पाहिजे. एकाची मोठी नि एकाची बारीक, असं चालत नाही. सगळ्यात शेवटी सबवूफर. कोपऱ्यात बसून नुसता घुमणारा तो ठोकळा. मी त्याला ठोंब्या म्हणते. "ठोंब्या घरातल्या म्हाताऱ्यासारखा असावा," हे नेहमी सांगत. "आहे हे कळू नये आणि नसला तर करमू नये."

यांनी रिमोटवरून उजव्या स्पीकरचा आवाज वाढवला. पुन्हा ऐकलं. पुन्हा वाढवला. मला वाटलं, आता थांबतील. ते थांबले तेव्हा माझ्या उजव्या कानात नळ नाही, धबधबा कोसळत होता. "झालं," हे म्हणाले आणि जावयांना बातम्या लावायला सांगितल्या. बातम्या देणारी बाई पडद्याच्या मध्यावर बसली होती आणि तिचा आवाज उजवीकडच्या पुस्तकांच्या कपाटातून येत होता.

जावयांनी लेकीकडे पाहिलं, लेकीने माझ्याकडे, आणि मी पायांकडे. मग आम्ही तिघंही एकदम म्हणालो, वा, काय सुरेख लागलंय.

यांना छापखान्यात सगळे कानसेन म्हणायचे. हे तिथे मशीनमन होते. मोठ्या मशीनच्या नुसत्या आवाजावरून कुठला रूळ कोरडा पडलाय ते सांगायचे, आणि मशीन थांबवून बघितलं की तोच निघायचा. घरी आले की हात स्वच्छ धुवायचे आणि स्पीकर घेऊन बसायचे. लग्न झालं तेव्हा आमच्या दोन खोल्यांत पलंगाआधी स्पीकर आले. छापखान्यात कागद यायचा त्या खोक्यांच्या फळ्या तासून यांनी पेट्या केल्या होत्या. मी मनात म्हटलं, कुठे येऊन पडले बाई.

त्या संध्याकाळी यांनी मला दोन पेट्यांच्या समोर मधोमध बसवलं आणि एक गाणं लावलं. डावीकडे पेटी, उजवीकडे पेटी, मध्ये नुसती भिंत आणि भिंतीवर कॅलेंडर. आणि गाणारी बाई चक्क कॅलेंडरपाशी उभी राहून गात होती. दिसत नव्हती एवढंच. मी उठून भिंतीला हात लावून पाहिला. हे पोट धरून हसले. "दोघांचा आवाज अगदी सारखा असला ना, की ती मध्ये येते," म्हणाले. तेव्हापासून माझा यांच्यावर जीव जडला. बघायला आले होते तेव्हा काही जडबिड नव्हता, उगाच खोटं कशाला बोला.

त्यानंतर किती घरं झाली त्याची गणती नाही. दिराचं, शेजाऱ्यांचं, छापखान्यातल्या सगळ्यांचं. गल्लीतले लोक संध्याकाळी आमच्या दारात खुर्च्या टाकून बसायचे, आणि मी कितीदा चहा टाकला ते त्या शेगडीलाच ठाऊक. ते दिवस आठवले की अजून छाती भरून येते. हे बोलायला तसे मुखदुर्बळ. पण स्पीकर जुळवून झाले की त्या घरातलं माणूस डोळे मिटून ऐकायचं, आणि हे त्या माणसाकडे बघत राहायचे. यांची कमाई ती.

लेकीकडचं झाल्यावर थोड्याच दिवसांनी मी एकटी तिच्याकडे गेले, अचानक. आत सिनेमा लागला होता. दारातच थबकले. आवाज कसा जिथल्या तिथे, बोलणारा जिथे उभा तिथून येत होता. लेक गोरीमोरी झाली. मग सांगितलंन, जावयांनी अँप्लिफायरमध्ये आवाजाच्या दोन मांडण्या साठवून ठेवल्यात. एक माइकने जुळवलेली, रोजची. दुसरी बाबांची. आम्ही येणार असलो की बाबांची लावतात.

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट जावयाची दृष्ट काढावीशी वाटली. आणि मग मीही त्या कटात सामील झाले. आम्ही घरून निघालो की चपला घालता घालता मी लेकीला फोन करायची, "निघालो गं." एवढंच. हे म्हणायचे, "रोज काय तो फोन, आपण काय परदेशातून येतोय?" मी म्हणायची, आईचा जीव आहे, तुम्हाला नाही कळायचं. तिकडे कपाटातून बोलणारी बाई तयार व्हायची, आणि हे सोफ्यावर टेकून समाधानाने मान डोलवायचे. असं वर्षभर तरी चाललं असेल. कानात मळ साठलाय का ते दाखवून या, असं मी मध्येच सुचवून पाहिलं; तर तुझ्या बडबडीने दुखतात तेवढेच, म्हणाले.

आणि मग विहीणबाईंचा निरोप आला. त्यांनीही होम थिएटर घेतलं होतं. चार पाहुणे बोलावले होते आणि व्याह्यांनी येऊन आवाज लावून द्यावा, अशी इच्छा होती. विहीणबाई मनाने वाईट नाहीत, पण जिभेला हाड नाही. आमची लेक कपाटातून बोलणारी बाई मुकाट्याने ऐकून घेते ते घर आपलं म्हणून. विहीणबाईंच्या पाहुण्यांनी का ऐकून घ्यावं? भर दिवाणखान्यात त्या म्हणणार, अहो, हे काय लावलंत, आणि वर हसणार. इतक्या वर्षांचा कानसेन, आणि चार परक्या माणसांत त्याचं हसं. सांगावं तर यांचं मन मोडतं, न सांगावं तर अब्रू जाते.

आदल्या दिवशी सकाळी हे आमच्याच खोलीत जुन्या पेट्या लावून हात साफ करत होते. मला खुर्चीत बसवलं, मागे उभे राहिले. डावी शूऽऽ, उजवी शूऽऽ. उजवी वाढवली, अजून वाढवली.

"आता सारख्या आहेत," हे म्हणाले.

"नाहीत," मी म्हणाले.

"काय नाहीत?"

"सारख्या नाहीत. उजवी फार मोठी आहे."

यांना वाटलं मला सर्दी झालीय. मी म्हटलं, अहो, मला काही झालेलं नाही. एवढं बोलले आणि माझाच आवाज फुटला. छापखान्यात छपाईची शंका आली की हे कागद उलटा धरून बघत. तसे आता स्वतःच उलटे झाले. पेट्यांकडे पाठ केली आणि पुन्हा ऐकलं. आता उजवी पेटी यांच्या डाव्या कानाशी आली होती. तिची शूऽऽ सुरू झाली तसे हे दचकले. डावीची आली तेव्हा मान कलती करून बराच वेळ उभे राहिले. मग रिमोट ठेवून पलंगावर बसले.

"मशीन उजव्या हाताला असायचं," हे म्हणाले. मग विचारलं, "पोरीकडेही मी असंच लावलंय?"

आता लपवून काय उपयोग होता? मी दोन मांडण्यांचं सांगितलं. फोनचंही सांगितलं. वाटलं, आता चिडतील, निदान मला तरी दोन शब्द बोलतील. ते नुसते हातांकडे बघत होते. माझा जीव तुटला. मी म्हटलं, विहीणबाईंना कळवते, बरं नाही म्हणून. आणि सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे जाऊ.

"डॉक्टरकडे जाऊ," हे म्हणाले. "पण विहीणबाईंना कशाला? मला ताप थोडाच आलाय. चल, नीट बस. कुठे थांबायचं ते तू सांग."

हे उजवी कमी करत गेले, मी अजून, अजून म्हणत गेले. थांबा म्हटल्यावर यांनी ते जुनंच गाणं लावलं. गाणारी बाई हळूच येऊन भिंतीच्या मध्यावर उभी राहिली. किती दिवसांनी आली! मी हसून यांच्याकडे पाहिलं. हे डावीकडच्या पेटीकडे बघत होते. यांच्यापुरती ती तिकडे निघून गेली होती.

"आली का मध्ये?" यांनी विचारलं.

"आली."

"मग राहू दे तिथेच."

दुसऱ्या दिवशी दुपारी विहीणबाईंचा दिवाणखाना माणसांनी भरला होता. लेक नि जावई कोपऱ्यात चोरासारखे उभे. लेकीच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला, कारण आम्ही काल काय बोललो ते तिला सांगायला मला सवडच झाली नव्हती. यांनी रिमोट घेतला, मला सोफ्यावर बसवलं आणि सगळ्यांकडे वळून अगदी साध्या आवाजात सांगितलं, "माझा उजवा कान गेलाय. तेव्हा आज ही ऐकेल आणि मी लावेन."

विहीणबाईंनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. जावई पटकन पुढे झाले आणि यांच्यासाठी खुर्ची आणली. यांनी ती घेतली नाही, उभ्यानेच एकेक स्पीकर लावला. मी सांगत होते, हे ऐकत होते. मागच्या डाव्यापाशी माझं जरा चुकलं, तर "पुन्हा ऐक, घाई नको" म्हणून मला दटावलंसुद्धा. ठोंब्या मात्र यांनी माझ्या हाती दिला नाही. जमिनीवर तळवा टेकला, डोळे मिटले आणि आवाज एका जागी आणून थांबवला. मी ऐकून पाहिलं. आहे हे कळत नव्हतं.

मग सिनेमा लावला. विहीणबाई म्हणाल्या, बाई बाई, माणसं घरात येऊन बोलल्यासारखी वाटतायत. पाहुण्यांनी यांचं कौतुक केलं आणि यांनी ते मान तुकवून घेतलं. हे माझ्या उजव्या बाजूला येऊन बसले, डावा कान माझ्याकडे करून. सिनेमा विनोदी होता. नायकाचा मामा दारातून आत आला, भाच्याच्या कानाशी लागून काहीतरी हळूच पुटपुटला आणि सगळी खोली खदखदून हसली. यांनी वळून माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी हसत होते. मग हेही हसले.