क्रोफ्नाची ओल

सर्बियातल्या आमच्या झ्रेन्यानिनमध्ये माणसाला जन्मभर दोन शत्रूंशी झुंजावं लागतं. एक ओल आणि दुसरा आरपार वारा. ओल जमिनीतून चढते आणि भिंती कमरेपर्यंत काळ्या करते. डॉक्टर सांगतात, खिडक्या उघडा. पण समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या की आरपार वारा येतो, मान धरते, कान ठणकतो, कुणाकुणाच्या तर मूत्रपिंडांवर जातं म्हणे. म्हणून आम्ही खिडक्या घट्ट लावून घेतो आणि आत बसून ओलीच्या नावाने बोटं मोडतो.

माझा नवरा ओस्तोया या लढाईतला जुना शिपाई. त्याची आई ओल्या भिंतीशेजारी झोपून झोपून शेवटी इतकी आखडली की तिला हातात चमचा धरता येईना. तिला तो भरवायचा. तेव्हापासून त्याने जे मनात धरलं, ते दोन वर्षांपूर्वी तडीस नेलं. करवतवाले बोलावले, सगळ्या घराच्या भिंती पायाशी आडव्या कापून घेतल्या आणि त्या फटीत प्लास्टिकचे जाड पत्रे सारले. पुढच्या खोलीत माझं केस कापायचं दुकान आहे. तो सगळा उन्हाळा माझ्या गिऱ्हाइकांनी डोक्यात विटांची भुकटी घेऊन काढला. पण घर वाळलं. मग ओस्तोयाने हवेतला दमटपणा दाखवणारा काटा आणून दिवाणखान्यात टांगला. पाहुणा आला की कॉफीच्या आधी त्याला काट्यासमोर उभं करायचं. "बेचाळीस," असं हा म्हणायचा, आणि इतक्या हळू की जणू कुणाची दृष्ट लागेल.

अशा घरात माझ्या मुलीने साप आणला.

तियाना नर्स आहे. तिला ऑस्ट्रियात ग्रात्सला नोकरी लागली. तिथे पहिले काही महिने इतर मुलींबरोबर एका खोलीत राहायचं होतं आणि त्या मुली सापाला खोलीत घेईनात, ज्यात मला त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही. तेव्हा काचेची पेटी आमच्याकडे आली. आत आफ्रिकेतला छोटा अजगर, मनगटाएवढा जाड, तपकिरी, अंगावर सोनेरी ठिपके. मादी होती, स्वभावाने इतकी लाजाळू की कुणी पाहिलं की गोल वेटोळं करून डोकं मध्ये खुपसायची. तशी ती अगदी क्रोफ्नासारखी दिसायची, हिवाळ्यात आम्ही तळतो त्या फुगीर गोळ्यांसारखी, म्हणून तियानाने तिचं नाव तेच ठेवलं.

"आई, मेलेले उंदीर मी फ्रीजरमध्ये ठेवलेत, ते तिला घालायला बाबांना सांग," तियाना म्हणाली. "तू फक्त एक सांभाळ. पेटीतला काटा साठच्या खाली जाता कामा नये. कात टाकायला आली की सत्तर. हवा कोरडी झाली की कात तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यांवरची तशीच चिकटून राहते. मग ती आंधळी होईल."

"माझ्याकडे पाण्याच्या फवाऱ्याची बाटली आहे," मी म्हटलं. "तीस वर्षं बायकांची डोकी भिजवतेय. हिला तर केसही नाहीत."

खरं सांगायचं तर सापाचं मला काही पडलेलं नव्हतं. पण झालं असं, की तियाना रोज संध्याकाळी फोन करू लागली. चित्र दिसणारा फोन. आधी तिला क्रोफ्ना दाखवायची, मग काटा, आणि मग, आता फोन हातात आहेच म्हणून, आम्ही. काय जेवलात, गुडघा कसा आहे, बाबा चिडलेत का. शेजारच्या लेपोसावाचा मुलगा स्टुटगार्टला आहे, तो सणाला फोन करतो. मला रोज येत होता. साप गेला की फोन जाईल हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

म्हणून मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी पेटीत फवारा मारायचे. काटा सत्तरावर. आणि संध्याकाळी फोन यायच्या वेळी बघावं तर पंचेचाळीस.

"आई, फवारत नाहीस तू," तियाना म्हणायची.

"फवारते ग. काटा बिघडलाय."

"काटा बरोबर आहे," ओस्तोया मागून म्हणायचा. आपला भिंतीवरचा काटा काढून आणून तो पेटीत ठेवायचा. "बघ. माझाही तेच सांगतो. चांगली कोरडी हवा आहे. आनंदात आहे पोर."

दुपारी पेटीतला नारळाचा भुसा हाताला गरम लागायचा. मला वाटलं सापाला ताप आलाय. आता सापाचा ताप कुठे मोजायचा आणि कशाने, या विचाराने मी दोन दिवस हैराण होते.

तिसऱ्या दिवशी शिक्षिका झ्लातिंका डोकं धुऊन खुर्चीत बसली होती आणि माझा हेअर ड्रायर जागेवर नव्हता. शोधत शोधत आत गेले. ओस्तोया पेटीसमोर गुडघ्यांवर बसला होता. झाकण बाजूला, हातात माझा ड्रायर, आणि तो भुशावरून गरम हवा अगदी मन लावून फिरवत होता. कोपऱ्यात पाण्याच्या वाडग्यामागे मिठाची पुरचुंडी होती, ओल शोषायला, जशी तो पूर्वी कपाटांमागे ठेवायचा.

"काय करतोयस?" मी विचारलं. "केस सेट करतोयस तिचे?"

तो दचकला नाही. उलट माझ्यावरच वैतागला. "तू रोज पाणी ओततेस तिच्यावर. मी बघतो ना. बिचारी ओल्यात पडून असते दिवसभर. पाय नाहीत तिला, आखं अंग म्हणजे पाठीचा कणा. संधिवात झाला तर कुठे कुठे दुखेल याचा विचार केलास?"

"तिला ओल लागते, ओस्तोया. तियानाने सांगितलं होतं."

"ओल कुणालाच लागत नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा चिरकला. मी ड्रायर घेतला आणि झ्लातिंकाकडे परत गेले.

त्याच आठवड्यात तिचे डोळे दुधासारखे झाले, आणि मग कात आली. आली म्हणजे काय, जुन्या दाराचा रंग सुटावा तशी पापुद्र्यापापुद्र्याने आली. अर्धी अंगावरच लोंबत होती. आणि डोळे मळकटच राहिले. संध्याकाळी फोनवर तियानाने ते पाहिलं. मी मिठाचं सांगितलं, ड्रायरचं सांगितलं. ओस्तोया स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत होता.

"मी रागावले नाहीये," तियाना म्हणाली. म्हणजे रागावली होती. "पण तुम्हाला हे जमणार नाही. सुबोतिकाला मिर्को आहे, त्याच्याकडे असे साप आहेत. तो शनिवारी येऊन घेऊन जाईल. तुम्ही तिच्या डोळ्यांवरची कात चिमट्याने वगैरे काढायला जाऊ नका, तेवढं करा."

"आणि शनिवारपर्यंत बरी झाली तर?" मी विचारलं.

"कोमट ओला टॉवेल, भरपूर वाफ, धीर. आई, तुमच्याने होणार नाही ते. त्या घरात तर मुळीच नाही."

मी फोन ठेवला. ओस्तोया दाराशी आला आणि म्हणाला, "मोठं पातेलं कुठंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या नवऱ्याने न्हाणीघराला वेढा दिला. विजेच्या शेगडीवर पातेलं चढवलं. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधून त्यावर ओल्या चादरी टांगल्या. दाराच्या फटीत आणि कुलपाच्या भोकात चिंध्या कोंबल्या, कारण वाफ अडवायचीच आणि आरपार वारा तर येऊच द्यायचा नाही. मग बनियनवर आत जाऊन स्टुलावर बसला. मांडीवर कोबी खारवायला आणलेला नवा टब, त्यात ओले टॉवेल, टॉवेलात क्रोफ्ना.

दिवसभर तो आत होता. मी कॉफी घेऊन गेले की दार जेमतेम हातभर उघडायचा. "लवकर आण, वाफ जातेय." ज्या माणसाने मला पंचवीस वर्षं घरात एक मोजा वाळत घालू दिला नाही, तो म्हणत होता, चादर अजून एक आण, चांगली न पिळता.

झ्लातिंका केस रंगवायला आली होती. आतून ओस्तोयाचा आवाज येत होता, "चल ग राणी, चल, थोडी पुढे. असं. घाई नाही."

"कोण आहे आत?" झ्लातिंकाने विचारलं.

"साप," मी म्हटलं. तिने विषय बदलला.

शुक्रवारी दुपारी त्याने मला हाक मारली. केस डोक्याला चिकटलेले, चेहरा लालभडक. क्रोफ्ना त्याच्या दोन्ही मुठींतल्या ओल्या टॉवेलातून हळूहळू सरकत होती आणि मागे कात मोज्यासारखी उलटी होत निघत होती. तिचे डोळे काळे, लखलखीत, आणि टॉवेलावर डोळ्यांवरून सुटलेल्या कातीच्या दोन नखुल्याएवढ्या काचेसारख्या चकत्या पडलेल्या. ओस्तोयाने त्या उचलून तळहातावर घेतल्या आणि उजेडाकडे धरल्या.

तियानाने मिर्कोला येऊ नकोस म्हणून कळवलं. फोन रोज येत राहिला. पण त्या सगळ्या वाफेने न्हाणीघराच्या कोपऱ्यात, नव्या पांढऱ्या गिलाव्यावर, पानाएवढा काळा डाग उमटला. ओस्तोयाने तो पाहिला आणि त्यासमोर टॉवेल लटकवला. आमच्या लग्नाचा साक्षीदार झिवान आला की डाग दिसू नये म्हणून ओस्तोया त्याला लघवीलाही परसात पाठवायचा.

मार्चमध्ये तियाना फोनवर खुशीत होती. तिला स्वतःचं घर मिळालं होतं, दोन खोल्या, बाल्कनी. "शनिवारी येते, क्रोफ्नाला घेऊन जाते. सुटलात तुम्ही."

मी म्हटलं, छान. दुसरं काय म्हणणार. माझ्या हातात बटाटा होता, तो मी सोलतच राहिले.

ओस्तोयाने फोन माझ्याकडून काढून घेतला. "कितवा मजला?"

"चौथा."

"काटा घेतलास?"

"घेतला ना बाबा, तिच्यासाठीच."

"किती दाखवतो?"

ती उठून गेली, परत आली. "एकतीस. पण मी यंत्र आणीन ना, वाफेचं."

"एकतीस," ओस्तोया म्हणाला. "एकतीसमध्ये माणसाच्या टाचा फुटतात. ती काय करेल तिथे?" तो फोन घेऊन न्हाणीघरात गेला, टॉवेल बाजूला केला आणि फोन भिंतीसमोर धरला. "हे बघ. दिसतंय? पुन्हा धरली ओल. जमिनीतून येतेय, चांगली, कायमची आहे. असं घर तुला ग्रात्समध्ये कुठे मिळणार?"

तियानाला ठाऊक होतं की त्या भिंतींसाठी त्याने काय काय केलं होतं, आणि कुणासाठी.

"मग कसं करायचं, बाबा?" तिने हळूच विचारलं.

"राहू दे इथेच. तू येत जा. बघून जात जा तिला."

"बरं," ती म्हणाली. "शनिवारी येते, बघते, मग ठरवू."

शनिवारी सकाळी मला दुकानात फवाऱ्याची बाटली सापडेना. झ्लातिंकाला तसंच बसवून मी आत गेले. न्हाणीघराचं दार लोटलेलं होतं. शेगडीवर पातेलं नव्हतं, चादरी नव्हत्या, थंडी संपल्यापासून तिथे हवाही कोरडी झाली होती. ओस्तोया कोपऱ्यात गुडघ्यांवर बसला होता आणि वाळून पुसट होत चाललेल्या त्या डागावर माझ्या फवाऱ्याने पाणी मारत होता. कडेकडेने, मन लावून, डाग जरा मोठा दिसेल असं.

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बाटली रिकामी झाली होती.

मी ती त्याच्या हातातून घेतली, नळाखाली भरली आणि परत दिली.