काचेतल्या हरिबाला हार

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे, पण माझ्यातून पाणी वाहत नाही. माझ्यातून उजेड जातो. फोटोवाले मला स्नूट म्हणतात. फ्लॅशच्या तोंडावर मला चढवलं, की खोलीभर पांगणारा उजेड माझ्या पोटातून अंग चोरून जातो आणि समोर एवढासा गोल पडतो. त्या गोलात जे येईल ते दिसतं. बाकीचं जग काळोखात.

मी काही कारखान्यात जन्मले नाही. पाटोद्याच्या बसस्टँडजवळ वनिताचं फोटोचं दुकान आहे, तिथली मी. वनिताला हे काम कुणी शिकवलं नाही. मोबाईलवर बघायचं, करायचं, बिघडवायचं आणि पुन्हा बघायचं, अशी ती शिकली. तिनं काळ्या पुठ्ठ्याची गुंडाळी केली, रसवंतीवरून आणलेल्या प्यायच्या नळ्या काळ्या रंगवून माझ्या पोटात ठासून बसवल्या आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा माझ्या कमरेला पट्टा केला. झाले मी तयार!

तयार झाले खरी, पण मला काम कुठं होतं? लग्नाच्या फोटोत साडीचे काठ दिसायला हवेत, गळ्यातलं दिसायला हवं, रुसलेले मामासुद्धा दिसायला हवेत. मग मी खणात. वर फ्लॅश उडाला की मी खणातल्या खणात लोळायचे. मला स्वस्थ पडून राहणं कधी जमलंच नाही.

अशात एका सकाळी भामाबाई नवऱ्याला जवळजवळ ओढतच घेऊन आल्या. हरिबा मेंढपाळ. वर्षातले कितीतरी महिने मेंढ्यांमागं रानोमाळ. घराच्या भिंतीवर सगळ्यांचे फोटो, याचाच नाही.

"ह्येचा येक फोटो काड, ताई," भामाबाई म्हणाल्या. "नुस्ती काठी न् घोंगडी घरी बगून बगून कटाळा आलाय."

हरिबा स्टुलावर बसला, पण कसला बसतो! मागच्या पडद्यावर रंगवलेल्या धबधब्याकडे बघ, दारात बांधलेल्या कोकराकडे बघ, उठून पुन्हा बस. माझ्याइतकाच अस्वस्थ माणूस मी पहिल्यांदा पाहिला. वनितानं दिवे मालवले आणि मला खणातून काढून फ्लॅशवर चढवलं. धबधबा गेला, स्टूल गेलं. काळोखात उरला तो फक्त हरिबाचा चेहरा: उन्हानं रापलेला, पिकल्या मिशांचा. उजेड कुठून आला म्हणून तो माझ्याकडे बघायला वळला आणि तेवढ्यात वनितानं बटण दाबलं.

भामाबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघितला. मग म्हणाल्या, "लगीन झाल्यापासून येवडं टक लावून माज्याकडं बी बगितलं न्हाई ह्येनी."

मित्रांनो, त्या दिवशी मला फार मान मिळाला. वनितानं त्या फोटोची मोठी प्रत काढली आणि शटरबाहेरच्या काचेच्या पेटीत लावली. कुणाला विचारलं नाही. आपल्या हातून चांगलं झालेलं काम लोकांनी बघावं, एवढंच तिच्या मनात होतं.

पुढं दसरा आला. हरिबा मेंढ्या घेऊन चौसाळ्याकडे गेला होता आणि वनिता दुकान बंद करून, धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी उमापूरला माहेरी गेली होती. कॅमेरा आणि फ्लॅशबरोबर पिशवीतून मीही गेले. आम्ही परत आलो, शटर वर केलं आणि दारात भामाबाई उभ्या. डोळे कोरडे, बोट पेटीकडे.

"माज्या मालकाला हार कावून घातला, ताई?"

वनितानं पेटीकडं पाहिलं. काळ्याभोर फोटोत उजळलेला एकटा चेहरा आणि त्याला झेंडूचा हार. शेजारी गहिनीनाथचं फ्लेक्सचं दुकान, त्याच्या दारात भावपूर्ण श्रद्धांजलीचे दोन फलक वाळत टेकलेले. बघणाऱ्यानं दुसरं काय समजायचं?

"मावशी, मी न्हाई घातला. मी इथं नव्हतेच!"

आवाज ऐकून गहिनीनाथ बाहेर आला. "मी घातला की, ताई. खंडेनवमीला माज्या मशिनीची पूजा केली, हार उरला. म्हन्लं तुमच्या पेटीला बी असू दे. तोंड कसं देवावानी दिसत व्हतं."

"देवावानी!" भामाबाई कडाडल्या. "घरी बाया रडायला येऊन बसल्यात, मुडद्या!"

मग सगळं कळलं. भामाबाईंचा चुलत दीर बंकट दसऱ्याला बाजारात आला होता. त्यानं तो हार पाहिला. विचारावं तर दोन्ही दुकानं बंद. तो वस्तीवर पोचेपर्यंत त्या बातमीला एक ट्रकही येऊन चिकटला होता. चौसाळ्याजवळ हायवेवर म्हणे! हरिबाचा मोबाईल लागत नव्हता. भावकीतल्या बायका भामाबाईंना बांगड्या उतरवायला सांगत होत्या.

"म्या सांगितलं, मढं बगितल्याबिगर बांगडी काडायची न्हाई," भामाबाई म्हणाल्या. "हार तुजा न्हाई, कबूल. पर मानूस हाय का न्हाई, ते कोन सांगनार?"

वनितानं हार काढला, फोटो काढला, शटर खाली ओढलं. "बसा गाडीवर, मावशी."

स्कूटीच्या पुढच्या पिशवीत मी होते. रस्ता खडबडीत, माझ्या पोटातल्या नळ्या खुळखुळत होत्या. एखादा ट्रक घोंघावत शेजारून गेला की भामाबाई वनिताचा खांदा इतका घट्ट धरायच्या, की गाडी डगमगायची. मी चेहरे उजळते म्हणून मिरवत होते. आज मला एकच चेहरा दिसायला हवा होता आणि मी पिशवीच्या तळाशी होते.

चौसाळ्याच्या अलीकडं चहावाल्याला विचारलं. त्यानं हायवेपासून आत बोट दाखवलं. "त्या तुरीच्या पल्याड मेंढ्या बसवल्यात बगा. लेंडीखतासाटी."

दिवस कलला होता. मेंढ्यांच्या पलीकडे कुणीतरी चूल फुंकत होतं. भामाबाई धावल्या नाहीत. हळूहळू गेल्या, जणू जवळ गेल्यावर तो दुसराच कुणी निघेल. हरिबानं मान वर केली.

"तू? हितं? घरी कोन गेलं?"

"तुमी," भामाबाई म्हणाल्या.

हरिबानं थोडा विचार केला. "कवा?"

"दसऱ्याला. ट्रकखाली."

"आरारा! मेंढरं किती गेली?"

भामाबाईंनी कपाळावर हात मारला, मटकन खाली बसल्या आणि मग, इतक्या वेळानं, मोकळं रडल्या. हरिबाला काही कळेना. त्यानं चुलीवरचा चहा उतरवला आणि ताटलीत ओतून त्यांच्यापुढं धरला. "पी आदी. मेल्याच्या हातचा हाय."

घरी कळवायला हवं होतं. नुसत्या फोनवर भावकी विश्वास ठेवणार नाही, फोटोच पाठव, असं भामाबाईंचं म्हणणं पडलं. अंधारायला लागलं होतं. वनितानं सवयीनं मला फ्लॅशवर चढवलं आणि फोटो काढला. काळोखात एकटा हरिबा!

"पुन्ना त्येच?" भामाबाई ओरडल्या. "हा धाडला तर सुतक आनकी वाडंल. काड ती नळी!"

मला काढून गवतात ठेवलं. उघडा फ्लॅश उडाला आणि नेमके हरिबाचे डोळे मिटले. "ह्यो तर लईच मेला," भामाबाई म्हणाल्या आणि तिघंही हसत सुटली. त्या हसण्यातच पुढचा फोटो निघाला: मेंढ्या, कुत्रं, चूल, तोंड उघडं टाकलेला हरिबा आणि त्याचा दंड धरून उभ्या भामाबाई. वाकडा होता, पण सगळं दिसत होतं. वनितानं तो कॅमेऱ्यातून आपल्या मोबाईलवर घेतला आणि बंकटला धाडला.

लगेच त्याचा फोन. "वयनी, दादा खरंच हाय का?"

भामाबाईंनी हरिबाच्या हातात मोबाईल कोंबला नाही. आधी स्वतःचा हात मोबाईलजवळ नेऊन जोरात हलवला. बांगड्या खळाळल्या. "आयकू आलं का? सांग बायांना, उटा म्हनावं, आपापल्या घरी जाऊन भाकरी टाका."

इकडं गवतात माझी काय दशा झाली ते कुणी पाहिलं नाही. एका मेंढीनं माझी कड चावून खाल्ली. वनितानं मला उचललं, उलटसुलट केलं आणि पिशवीत ठेवलं.

तेव्हापासून माझा गोल धड गोल पडत नाही. चावलेल्या बाजूनं उजेड थोडा बाहेर सांडतो. नवा पुठ्ठा गुंडाळायला वनिताला कितीसा वेळ लागेल? पण ती करत नाही. मात्र आता पेटीत फोटो लावण्याआधी ती ज्याचा त्याला विचारते, आणि त्याच्या घरच्यांनाही.

मित्रांनो, उजेड टाकणं सोपं असतं. ज्याच्यावर टाकता त्याला एकदा विचारत जा आणि भोवती उरलेल्या काळोखात कोण उभं आहे, त्याचीही काळजी घ्या. परवा एक म्हातारे काका फोटोला बसले होते. माझ्या तुटक्या कडेनं शेजारी उभ्या काकूंचा हात उगाच उजळला. काका म्हणाले, "ह्यो बी येतोय का मधी?"

वनिता म्हणाली, "येऊ द्या."