फक्कीची रेषा

हवालदार महिपतीने पेट्रोलच्या जरीकॅनचं झाकण उघडलं नाही. उलट ते आणखी घट्ट आवळलं.

समोर मेजर जयसिंगांची जीप धडधडत उभी होती. इंजिन चालू, मागे वायरलेस सेट चालू, आणि सेटवाला जवान आत बसलेलाच. पलटणीच्या सरावाचा दुसरा दिवस. दिवेघाटावरच्या माळावर चैत्राचं ऊन आणि वाळून खडखडीत झालेलं कुसळी गवत. असल्या जागी पेट्रोलच्या साठ्याभोवती महिपतीने स्वतःच्या हाताने पांढऱ्या फक्कीची रेषा मारली होती. रेषेच्या आत यायचं तर इंजिन बंद, सेट बंद, माणसं खाली. नियम काही त्याच्या बापाने केलेला नव्हता, पण तो पाळून घेणं त्याच्या गळ्यात होतं.

पाळत कोण होतं म्हणा! सेट दिवसभर चालून बॅटऱ्या पार मेलेल्या; बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही. म्हणून साहेबांच्या गाडीला चालू इंजिनावरच नरसाळं लावायचं, अशी पलटणीत वहिवाट पडली होती. इतकी वर्षं काही झालं नाही, हाच प्रत्येकाचा पुरावा. हे ऐकलं की महिपतीच्या डोक्यात तिडीक जायची.

ड्रायव्हर सोनबाने आधी डोळ्यांनी विनवलं, मग म्हणाला, दोन मिनिटांचं काम, ओत की. महिपती ढिम्म. शेवटी साहेब स्वतः उतरले. डोंगरापलीकडे आपल्या दोन तुकड्या आहेत, सेट बंद झाला तर त्यांच्याशी संपर्क तुटेल, हे त्यांनी नीट समजावलं. खोटं नव्हतं ते.

"इंजिन बंद करा, साहेब," महिपती म्हणाला.

"तुमचा बढतीचा रिपोर्ट माझ्या टेबलावर आहे. माहीत आहे ना?"

माहीत नसायला काय झालं? नायब सुभेदारीची ही शेवटची संधी. हुकली की जूनमध्ये पेन्शन आणि हडपसरला परत. तिथे त्याच्या घरच्या उसाच्या वावरात आता अकरा मजली सोसायटी उभी होती, आणि तिच्या गेटवर सिक्युरिटीची नोकरी धाकट्या भावाने, संतोषने, त्याच्यासाठी आत्ताच बोलून ठेवली होती. आपल्याच बांधावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना सलाम ठोकायचा! त्याने जरीकॅन उजव्या हातातून डाव्या हातात घेतला.

"माहीत आहे, साहेब. त्यात हेही लिहा."

सोनबाने जीभ चावली. मेजरसाहेब लालबुंद झाले, पण त्यांनी हाताने खूण केली. इंजिन थांबलं, सेट थांबला, जवान उतरला. ठिणगी पडू नये म्हणून महिपतीने गाडीची तार जमिनीत ठोकलेल्या सळईला जोडली आणि एक थेंब न सांडता पेट्रोल भरलं.

मग व्हायचं तेच झालं. रेषेबाहेर ढकलत नेली तरी गाडी सुरू होईना. धक्के मारण्यात चौदा मिनिटं गेली आणि तेवढा वेळ पलीकडच्या तुकड्या हुकमाची वाट बघत ताटकळल्या. जाताना साहेबांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्या दुपारी जेवायला महिपतीच्या शेजारी कोणी बसलं नाही. न बसेनात का! त्याने एक भाकरी जास्तच खाल्ली.

त्यानंतर दोन दिवसांनी जीप पुन्हा आली, पण आवाज न करता. सोनबा बाहेरून स्टिअरिंग धरून चालत होता आणि मागून सेटवाल्याच्या जोडीने मेजरसाहेब ती ढकलत होते. घामाने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. महिपतीने कडक सलाम ठोकला.

साहेब रुमालाने मान पुसत त्याच्याजवळ आले.

"रिपोर्ट मी त्याच दिवशी पाठवला," ते हळू आवाजात म्हणाले. "रागात लिहिला. आता परत मागवता येत नाही."

महिपतीला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. चोवीस वर्षांची नोकरी, आणि ती अशी संपली. मग त्याची नजर साहेबांच्या खिशाकडे गेली.

"मोबाईल बाहेर ठेवून या, साहेब."

मेजरसाहेबांनी खिशावर हात ठेवला. मग ते वळले आणि रेषेबाहेर चालत गेले.